मिठासमोरची रिकामी जागा

मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. ती कणीक मळत होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो.

तीन महिन्यांनी माळा आवरताना एक भांडं सापडलं. ओतीव लोखंडाचं, जड झाकणाचं, तिच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं. मी ते आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. आत एक शाळकरी वही होती. पहिल्याच पानावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘कोंबडीचे आठ तुकडे, कातडीसकट.’

हे मी उभ्याने वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. बोकडाशिवाय आमच्यात सण होत नसे. तिच्या माहेरी सगळे विठ्ठलाचे माळकरी. लग्न ठरताना मी तिच्या वडिलांना शब्द दिला होता की माझ्या घरात मांस शिजणार नाही, आणि मीही खाणार नाही. चौतीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलं नाही. तुळशीची माळ तिच्या गळ्यात शेवटपर्यंत होती.

आणि ही कोंबडी आपल्याकडची तरी कुठे होती? शीर्षक होतं ‘इटलीच्या शिकाऱ्यांची कोंबडी’. कांदा, लसूण, टोमॅटो, ऑलिव्ह, रोजमेरीची काडी. वाइन लिहून खोडली होती आणि वर ‘द्राक्षाचं व्हिनेगर’ असं केलं होतं. झाकण लावून मंद आचेवर एक तास. समासात वेगवेगळ्या शाईत शेरे होते : ‘आंबट झाली म्हणे.’ ‘या वेळी आवडली.’

म्हणे कोण? आवडली कोणाला? तिने स्वतः चाखणं शक्य नव्हतं. भांड्याचं बूड काळं पडलेलं होतं, म्हणजे हे एकदा-दोनदा झालेलं नव्हतं.

मी ग्रंथालय खात्यात नोकरी केली. पुस्तक गहाळ झालं की कार्डांवरून माग काढायचा, ही माझी सवय. तशीच ती वही मी आठवडाभर तपासली. प्रत्येक शेऱ्यापुढे तारीख आणि वार होता, आणि तो वार बुधवारच होता. महिन्यातून एका बुधवारी मी तपासणीसाठी तालुक्याच्या गावी, एच. डी. कोट्याला, जायचो. त्या दिवशी ती म्हैसुरातच विजयनगरला मुलीकडे जाते म्हणून सांगायची. मी गावात नसायचो, नेमके तेच दिवस. मग मला तिच्या पिशवीला येणारा लसणाचा वास आठवला. ती आल्या आल्या केस धुवायची, तेही आठवलं. वरच्या खोलीत वर्षभर राहिलेला परदेशी अभ्यासक आठवला. तिच्याशी तो हसून बोलायचा, माझ्याशी नाही. इतक्या वर्षांच्या माणसाबद्दल असं मनात आणताना लाज वाटत होती, पण मी थांबलो नाही.

मुलीला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई बुधवारी तुझ्याकडे किती वाजता पोचायची?”

“अकराला,” ती लगेच म्हणाली. इतकं लगेच उत्तर मला आवडलं नाही.

रविवारी ती आली. भांडं मी मुद्दाम टेबलावर ठेवलं होतं. तिने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाय न धुताच परत बाहेर गेली. अर्ध्या तासाने कोंबडी घेऊन आली.

“ह्या घरात?” मी म्हणालो.

“अप्पा, सुम्ने, गप्प बसा हो. टोमॅटो चिरायला येतात ना?”

मी चिरत होतो आणि तिचे हात बघत होतो. वही उघडली नाही तिने. तुकडे कोरडे केले, तेलात कातडी खाली करून ठेवले आणि तांबूस होईपर्यंत हलवले नाहीत. त्याच तेलात कांदा, मग लसूण. व्हिनेगर पडलं तेव्हा चर्र झालं आणि बुडाला धरलेलं सगळं सुटून आलं. झाकण लावून ती ओट्याला टेकली.

“तुझ्या घरी शिजायचं हे?”

“होय की. आई नाकाला पदर लावून करायची, मी चाखायची. मी कॉलेजपासून खाते, तिला ठाऊक होतं.”

“तेवढ्यासाठी तिने हे शिकून घेतलं?”

“माझ्यासाठी कशाला शिकेल? मी हॉटेलात खाते की.” ती जरा थांबली. “अप्पा, कोट्याला मटणाची मेस होती ना, अल्वा?”

माझ्या हातातली सुरी मी खाली ठेवली. बसस्टँडमागच्या त्या मेसमध्ये मी दर महिन्याला जेवलो होतो. मागाहून पान खायचो, घरी आल्यावर अंघोळ करायचो.

“कोणी सांगितलं तिला?”

“तुम्हीच. एरवी देवाजवळचा दिवा तुम्ही लावायचात, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. फक्त कोट्याहून आलात की म्हणायचात, दमलोय, आज तूच लाव. ती म्हणायची, बाहेर खाऊन येतात, पण देवाशी खोटं वागत नाहीत.”

“आणि ही इटलीची का?”

“वरच्या खोलीतल्या अभ्यासकाने सांगितलेली. आपल्या कोंबडीला वाटण लागतं. नैवेद्याचा मिक्सर बाटला असता. ह्यात वाटायचं काही नाही. तुम्ही आपणहून सांगाल त्या दिवशी इथेच करून तुम्हाला वाढणार होती, म्हणून भांडं इथे आणून ठेवलं होतं. तुम्ही सांगितलंच नाही, अष्टे, एवढंच.”

आम्ही जेवलो. कोंबडी अळणी होती. वही उघडून पाहिलं तर सगळ्या जिनसांसमोर मापं होती, फक्त मिठासमोर जागा कोरी. बायको चाखत नसे, म्हणून तिने ते लिहिलं नव्हतं. आणि मुलगी मला विचारून घालणार होती, ते बोलण्यात राहूनच गेलं.

दिवेलागणीला मुलगी देव्हाऱ्याकडे निघाली. मी तिला थांबवलं, हात धुतले आणि दिवा मीच लावला.

आता घरात मी आहे. भांडं ओट्यावर असतं. वही पुस्तकांच्या कपाटात आहे, आणि मिठासमोरची जागा मी अजून भरलेली नाही.