निळा शिक्का

बुधवारी सकाळी साडेनऊला माझे पती वारले. फुप्फुसाचा कॅन्सर होता.

चौदा महिन्यांनी मी मिरजेहून बेंगळुरूला निघाले. तिथल्या एका इस्पितळात डॉक्टरांचं प्रशिक्षण होतं. सिगारेट सोडायला रुग्णाला मदत कशी करायची, हा विषय. रुग्णाच्या घरच्या कुणीतरी बोलावं म्हणून मला बोलावलं होतं. पिशवीत ह्यांची फाईल होती : अकरा वर्षांचे केसपेपर, प्रत्येकावर तोच निळा शिक्का, ‘धूम्रपान बंद करा’. आमच्या डॉक्टरांनी तो बनवून घेतला होता. तपासून झालं की कंपाउंडर मारायचा.

जयनगरला सरोजअक्काकडे उतरले. ह्यांच्या नात्यातली, तिचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. तिनं अक्की रोट्टी (तांदळाच्या पिठाची भाकरी) वाढली. “स्वल्प (थोडी) कॉफी घे, मग निघू. तुला कन्नड येत नाही, मी येते संगट.”

शिवाजीनगरला रिक्षावाल्यानं इस्पितळाच्या मागच्या गेटावर सोडलं. तिथल्या टपरीवर दोन पांढरे कोट सिगारेट ओढत उभे होते. अक्का म्हणाली, “हे शिकायला आलेत का शिकवायला?”

सभागृहात मी केसपेपर दाखवले. एक तरुण डॉक्टर म्हणाला, “मॅडम, ओपीडीत माणशी तीन मिनिटं मिळतात. त्यांनी शिक्का तरी मारला.”

“शिक्का मारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक प्रश्न विचारून होतो,” मी म्हटलं.

दुपारी वॉर्डात सराव होता. त्याच डॉक्टरच्या वाट्याला रामण्णा नावाचे रिक्षाचालक आले. डॉक्टर उभ्या उभ्याच काहीतरी म्हणाला. रामण्णांनी मान हलवली, “सरी (बरं), सर.”

शिकवणाऱ्या बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. अक्का माझ्या कानात मराठीतून सांगू लागली.

“सोडावीशी वाटते का?”

रामण्णा म्हणाले, “वाटते. पण तुमच्या गेटावरची टपरी ओलांडवत नाही. तुम्हीपण असता की तिथं, सर.”

वॉर्ड हसला. डॉक्टरचे कान लाल झाले, पण तो उठला नाही. “आधी कधी सोडून बघितली?”

“तीन दिवस. मग बायको म्हणाली, तुमच्या रागापेक्षा तो धूर बरा.”

“तो राग निकोटिन तुटल्याचा असतो. सुरुवातीला जास्त, मग ओसरतो. त्यावर औषध आहे. सोमवारी बायकोला बोलावून घ्या, त्यांनाही सांगतो.”

अक्का सांगत होती, पण माझं लक्ष उडालं होतं.

हेही एकदा थांबले होते, चार दिवस. चौथ्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट भिरकावलं. मी म्हटलं, “ओढा एकदाची, घर तरी शांत राहील.” पाकीट मीच आणून दिलं. पुन्हा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. त्याच आठवड्यात आम्ही दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्या कागदावरही शिक्का आहे.

डॉक्टरांना चार शब्द सुनावायला मी एवढ्या लांब गेले होते. परतताना गाडीत मला त्यांतला एकही आठवेना.

फाईल प्रशिक्षणासाठी बाईंनी ठेवून घेतली. देण्याआधी मी त्या आठवड्याचा कागद काढून घेतला. तो माझ्या कपाटात आहे.