व्याह्यांसोबत तुडवलेली माती

काल नव्या माठात पाणी ओतलं, ओल्या मातीचा वास आला आणि मी मनानं थेट काही वर्षांपूर्वीच्या कारंज्याच्या कुंभारवाड्यात पोचलो.

तेव्हा मला हातानं भांडी घडवायचं वेड लागलं होतं. घराच्या ओट्यावर मांडलेले शेतातल्या काळ्या मातीचे कप वाळता वाळताच तडकायचे. "या रविवारी धड माती आणा, नाईतर ओटा मले वड्या वाळू घालाले मोकळा करून द्या," बायकोनं बजावलं.

रविवारी कुंभारवाडा गाठला, तर कुंभारीणकाकू म्हणाल्या, "माती इकत नाई आमी भाऊ. थोडा गारा तुडवून द्या, मंग न्या."

पँट दुमडून मी भिजवलेल्या मातीच्या खड्ड्यात उतरलो. थंडगार, लोण्यासारखा तो गारा बोटांतून वर यायचा. इतकं बरं वाटलं की मी चक्क ठेका धरला, आणि त्याच ठेक्यात सपशेल आडवा झालो.

"भाऊ, तुडवाले सांगतलं होतं, लोळाले नाई!"

काकूंच्या हसण्यानं माठ घ्यायला आलेले गृहस्थ वळले. ते आमच्या लेकीचे नवे सासरे निघाले.

"व्याहीबुवा, तिथं काहून निजले?"

"माती पाहून राह्यलो," मी म्हणालो.

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिनं कमरेपर्यंतच घेतलं होतं. व्याह्यांनी हात दिला. मी ओढला, तर तेही धोतरासकट आत!

लग्नात मानपानावरून गाल फुगवलेले ते गृहस्थ खदाखदा हसत माझ्यासोबत दुपारपर्यंत माती तुडवत राहिले. काकूंनी दोघांची मेहनत धरून दोन पोती दिली. ओटा अजून माझ्याकडेच आहे.