बोटीवरची ब्रँडी आणि साडेत्रेपन्न रुपये

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ही वही ज्याच्या हाती पडेल त्यानं ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. अक्षर मुळातच वाईट आहे, घाई झाली की आणखी वाकडं होतं, आणि ही गोष्ट आठवली की मला घाई होतेच.

साल त्र्याहत्तर किंवा चौऱ्याहत्तर असेल. आमचे हे कोल्हापूरला ऑइल इंजिनच्या कारखान्यात फिटर होते. धाकट्या दिरांच्या मुलाच्या बारशाला आम्ही मुंबईला गेलो. परत येताना हे म्हणाले, "एस्टीनं काय कवाबी जाता येतंय. बोटीनं गोव्याला जाऊ, तिथनं कोल्हापूरची गाडी धरू. समुद्र तरी बघशील की."

मला रात्रभर झोप आली नाही. नाव मी फक्त रंकाळ्यात पाहिली होती. धक्क्यावरची बोट पाहिली तर ती आमच्या गल्लीपेक्षा लांब आणि तीन मजली! भोंगा वाजला तेव्हा मी यांचा हात घट्ट धरला, चारचौघांत, लाज सोडून. माणसं डेकवर सतरंज्या अंथरून गावच्या जत्रेसारखी बसली होती. कुणी पत्ते काढले, कुणी पेटी वाजवत होतं. मी कठड्याला धरून नुसती बघत उभी राहिले. चारी बाजूंना पाणीच पाणी. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी कधी ओरडले नव्हते, म्हणून पदर तोंडात धरला.

दुपारी बोट हलायला लागली आणि आमचे हे आडवे झाले. तालमीतलं शरीर, रोज पाचशे जोर काढणारा माणूस, पण ओकून ओकून पांढरा पडला. भर उन्हात पडलेले, मला हलवता येईनात. शेजारच्या सतरंजीवरचे चौघे जण उठले. त्यांतले एक मिलिटरीतून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. चौघांनी उचलून यांना सावलीत नेलं.

"वैनी, लिंबाच्या पाण्यातनं दोन घोट ब्रँडी द्या," मिशीवाले म्हणाले. "पोट जाग्यावर येतंय."

"हे घेत न्हाईत," मी जमिनीकडं बघत म्हटलं. "तालमीतली शपथ हाय."

"दारू देत न्हाई ओ, औषध देतोय. सांगायचं कशाला?"

यांचे डोळे फिरायला लागले होते. मी वर निघाले. वाट दाखवायला ते चौघेही आले.

बार म्हणजे काय ते मी तोवर ऐकूनही धड नव्हते. आमच्याकडं दारूबंदीचे दिवस होते, परमिट काढून पिणारे लोक निराळे. इथं तर रंगीत बाटल्या ओळीनं मांडलेल्या, आरसे, पांढऱ्या कोटातला माणूस. भिंतीवर काचेत भावाचा तक्ता होता, पण इंग्रजीत. आम्हाला चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतंच. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मजाच जास्त वाटत होती. मी, बारमध्ये!

ब्रँडी मागितली, लिंबूपाणी मागितलं. तेवढ्यात लक्षात आलं की हे चौघे मागं उभे आहेत. आमच्याकडं डोक्यावर पाटी चढवायला कुणी हात लावला तरी त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, आणि यांनी तर माझा माणूस उचलून नेला होता. भाव विचारून पाहुणचार करणं तर आमच्यात फारच हलकं. मी पांढऱ्या कोटवाल्याला म्हटलं, "ह्यांस्नी पण द्या, काय घेतील ते. पैसं आमचं."

परक्या पुरुषांसमोर मी एवढं मोठ्यानं आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

"कोल्हापूरचं पावणं दिसतंय!" त्यांतला एक म्हणाला. "बसा रं बसा, वैनींचा मान ठेवायला पायजे."

माझ्या डोक्यात चहाचाच हिशेब. फार तर सोडा घेतील, रुपया-दीड रुपया. मी ग्लास पदराखाली धरून खाली आले आणि यांना घोट घोट पाजला. थोड्या वेळानं झोप लागली. तासाभरानं उठून बसले आणि म्हणाले, "भूक लागली. भाकरी हाय का?"

मला आनंदानं काय करू असं झालं. त्याच वेळी पाण्यात मोठे काळे मासे उड्या मारायला लागले. सगळी बोट एका बाजूला पळाली, आम्हीही पळालो. हे म्हणाले, "बघ बघ, म्हशी पव्हाय लागल्यात!" आम्ही दोघं लहान पोरांसारखी हसलो.

ऊन उतरलं तेव्हा पांढऱ्या कोटवाला कागद घेऊन आला. हे हातपाय धुवायला गेले होते, म्हणून बरं.

"वैनी, एकाहत्तर रुपये पन्नास पैसे."

मला वाटलं, कागद दुसऱ्याचा आहे. त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. ब्रँडी सहा, लिंबूपाणी एक. तिघांनी बिअरच्या चार बाटल्या घेतल्या, नऊ रुपयांना एक, छत्तीस. मिशीवाल्यांच्या तीन व्हिस्की, सातप्रमाणे एकवीस. आणि तळलेले काजू साडेसात.

"नऊ रुपये एका बाटलीला?"

"गोव्यात उतरला की हीच बाटली साडेतीनला. पण इथं मधी दुसरं दुकान हाय का? पवत जाऊन आणायची का?"

त्याचं बोलणं ऐकून मी मान वर केली. "तुम्ही कुठलं?"

"नेसरीचा," तो म्हणाला आणि कपाळाला हात लावला. "आयला, आपल्याच जिल्ह्यातली बाई! वैनी, विचारायचं तरी हुतं की."

"पावण्यासमोर कसं विचारायचं?"

"व्हय, ते बी खरंच," तो म्हणाला. दुसऱ्या गावचा माणूस असता तर हसला असता. "मीच तुमाला थांबवाय पायजे हुतं."

माझ्या बटव्यात अठरा रुपये होते, ते दिले. यांच्या बंडीत गाडीभाड्याचे पैसे होते, पण ते घेतले तर घरी जायचं कसं? आणि ब्रँडीचं सांगायचं कोणत्या तोंडानं? चौघांकडं मागायचं तर आमंत्रण माझंच होतं.

"ऱ्हायलं साडेत्रेपन्न," तो म्हणाला. "ते माझ्या पगारातनं कापत्यात. म्हंजे ह्या महिन्याला घरला तेवढं कमी जाणार."

त्याच्या बायकोला मी पाहिलं नव्हतं. पण महिन्याच्या पैशाची वाट बघणारी बाई मला चांगली माहीत होती. मी म्हटलं, "दादा, घरच्या वैनींचा पत्ता द्या. एक पैसा ठेवणार न्हाई."

त्यानं बिलाच्या मागं पत्ता लिहून दिला. त्याचा विश्वास बसला की नाही कोण जाणे.

घरी आल्यावर मी मिरचीवाल्या व्यापाऱ्याकडून पोती आणायला लागले. चटणीचा हंगाम होता. देठं खुडायची, किलोमागे पैसे मिळायचे. हात आगीनं भडकायचे, रात्री ताकात बुडवून बसायचे. पण दहा रुपये जमले की असा आनंद व्हायचा! पोस्टात जाऊन मनिऑर्डरचा फॉर्म मी स्वतः भरला. पहिले दोन खराब केले. कारकून म्हणाला, "बाई, कुणाकडनं तरी भरून घ्या की." मी तिसरा मागितला.

दुसऱ्या मनिऑर्डरची पोचपावती आली त्या दिवशी हे घरी होते.

"नेसरीची ही बाई कोण? आनि तिला दहा रुपये कशापायी?"

मी सगळं सांगितलं.

"म्हंजे मी दारू प्यालो?"

"औषध म्हणून."

"कितीची?"

"सहाची. लिंबूपाण्याचा रुपया वेगळा."

"सात रुपयांत मला उठवलंस, आनि चौसष्टांत त्या चौघांस्नी पाडलंस!" असे हसले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाले, "आण, उरलेलं मी भरतो."

"न्हाई," मी म्हटलं. "शब्द मी दिलाय."

लग्नानंतर यांना मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर हे शेजारी बसून देठं खुडायला लागले, आणि डोळ्याला हात लावून बोंबलले.

चार मनिऑर्डरी झाल्या. राहिले साडेतेरा. दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं एस्टीनं नेसरीला गेलो. त्याची बायको माझ्यासारखीच बुजरी. दोघी उंबऱ्याच्या आत-बाहेर उभ्या. मग मी तिच्या हातावर दहाची नोट ठेवली, त्यावर रुपयाच्या तीन आणि वर आठ आणे. तिनं ते मोजले, पुन्हा मोजले आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली.

"समदं आलं बघा," ती म्हणाली. "साडेत्रेपन्न. फिटलं."