चिंचेकडचा ऊस

आमच्या धाकट्या सुनेने सिनेमा काढला आणि त्यात मी काम केलं. चौथी शिकलेल्या बाईने सिनेमात काम करू नये असं कुठं लिहिलेलं नाही, म्हणून केलं. आणि मजा आली. या वयात एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

सून बारामतीत लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे कामाला आहे. कॅमेरा त्याचाच. मुहूर्त नसेल त्या दिवशी तो तिला द्यायचा. त्यामुळे लोक मुहूर्त बघून कामाला लागतात, आम्ही मुहूर्त नाही हे बघून लागायचो.

गोष्ट साधी. एक म्हातारी घरच्यांशी भांडून आपल्याच उसात जाऊन बसते. गाव तिला विहिरीत, ओढ्याला शोधतं. शेवटी ती आपणहून बाहेर येते आणि म्हणते, "जेवाय वाढा." म्हातारी मी, मुलगा माझाच मुलगा, गाव म्हणजे आमची अंथुर्ण्याची भावकी. दरवेळी मला तीच हिरवी साडी नेसायला लागायची. सून म्हणायची, "साडी बदलली तर लोक म्हणतील, म्हातारीनं उसात कपाट ठिवलंय."

म्हातारी बाहेर येते तेवढाच सीन राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून लग्नं लागून होती, कॅमेरा मिळणार नव्हता. शेजारपाजारचा ऊस तुटून गेला होता. म्हणजे जे काय करायचं ते त्याच दिवशी आणि आमच्याच उसात.

सून पहिल्या एसटीने कॅमेरा आणायला गेली आणि इकडे ऊसतोडीची टोळी दारात आली. बीडकडची माणसं. मुकादम म्हणाला, "मावशी, आज तुमची पाळी. कुठून सुरू करू?"

कारखान्याची तोड आल्यावर आमच्यात कुणी थांबा म्हणत नाही. वर्षभर तिचीच वाट बघतो. मी म्हणाले, "रस्त्याकडनं घाला, ट्रॅक्टरला बरं पडंल." वर सगळ्यांना चहा केला. सिनेमा डोक्यातून साफ गेला होता.

सून आली तेव्हा रस्त्याकडचा ऊस आडवा झाला होता. बांधावरचं चिंचेचं झाड एकटंच उभं. ती कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून बघत राहिली.

"आत्या, हितनं तोडाय कुणी सांगितलं?"

"मी."

"तुमी?"

"व्हय, मी. दुसरं कोण सांगणार? मागल्या अंगानं घे की. ऊस तिकडं बी हाय."

"चिंच हाय का तिकडं? म्हातारी चिंचेपासनं आत गेलीय. दोन महिनं घालवलं, आत्या." एवढं बोलून ती बांधावर बसली.

चूक माझी होती, पण तोडलेला ऊस कोण चिकटवणार? तेवढ्यात टोळीतली एक बाई कोयता टेकवून म्हणाली, "नुसता उभा दिसायला पाहिजे ना? मग उभा धरूत की आम्ही."

सून ताडकन उठली. "वाढं छाटलेला न्हाय चालायचा. शेंड्यासकट पायजे."

"आत्ता पाडलेला हाय तसाच. शेंडे कुठं छाटलेत?"

मुकादम करवादला, "ट्रॅक्टर भरायचा का तमाशा करायचा?"

"मुकादम," मी म्हणाले, "चहा कुणाचा पिलात?"

तो हसला आणि त्यानेही एक ऊस उचलला.

मग जी धांदल उडाली! बायका-माणसं पाचटात उकिडवी बसली, दोन्ही हातांत ऊस. बांधावरून सून ओरडतेय, "डोकं खाली! पदर आत घ्या! मुकादम, टोपी दिसतीया!" मी त्यांच्या मागे. पहिल्यांदा मी ऊस बाजूला सारला आणि अख्खी ओळ माझ्या अंगावर आली. दुसऱ्यांदा मुकादमाचा फोन वाजला.

"आत्या, बॅटरी संपत आलीय. आता एकदाच."

तिसऱ्यांदा घुसले. पानाने गाल कापला, कुणाच्या तरी पायावर पाय पडला, तो बिचारा हूं की चूं करेना. बाहेर आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे "जेवाय वाढा" असं निघालं की चिंचेवरचे कावळे उडाले.

सून कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्याकडे बघत राहिली. मग पिशवी तिथंच टाकून तिने मला कडकडून मिठी मारली. आमच्यात सून सासूला मिठी मारत नाही. मी म्हणाले, "सोड, ऊस भरू दे त्यांना."

गावात देवळाच्या भिंतीला धोतर बांधून सिनेमा दाखवला. टोळीलाही बोलावलं होतं, ती मागे बसली होती. मी बाहेर आले तशा शिट्ट्या पडल्या. संपल्यावर आमच्या भावकीतले एक तात्या, ज्यांचा जन्म उसात गेला, ते माझ्याकडे आले.

"वहिनी, काम झ्याक केलंत. पर चिंचेकडचा ऊस लई दाट दिसतोय. बेणं कुठनं आणलं?"

मी तोंड उघडायच्या आत मागे ती टोळीतली बाई फसकन हसली.