बंडीची व्याख्या

माझ्या मुलीचे लग्न एका शब्दाच्या व्याख्येवरून मोडता मोडता राहिले, आणि तो शब्द मी स्वतः निवडलेला होता.

हे निवेदन मी कोणत्याही दबावाखाली न येता करीत आहे. (पत्नी शेजारी बसली आहे, परंतु ती तांदूळ निवडीत आहे आणि तिचा या मजकुराशी संबंध नाही, असे तिचे म्हणणे आहे.)

भंडारा जिल्ह्यात, करडीकडच्या आमच्या गावात, मला 'वकीलसाहेब' म्हणतात. मी वकील नाही, धानाचा शेतकरी आहे. परंतु धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, एका दाव्यात माझ्याच वकिलाच्या चुका मी भर कोर्टात दाखवून दिल्या, तेव्हापासून हे नाव पडले. दावा आम्ही हरलो, ही बाब अलाहिदा. अर्ज, स्मरणपत्र आणि निषेधपत्र हे लेखनाचे तीन प्रकार मी आयुष्यभर जोपासले. वरठीच्या रेल्वेस्थानकाला 'भंडारा रोड' असे नाव देऊन भंडाऱ्याच्या प्रवाशाला कोसांवर उतरवणे ही उघड दिशाभूल आहे, याविषयी मी इतकी पत्रे लिहिली की टपालवाले मला पाहताच तिकिटे मोजायला घेत.

या पत्रव्यवहाराचा फटका मुलीला, कुसुमला, बसला. तिची दोन स्थळे मी पाठवलेल्या प्रश्नावल्या वाचून परत गेली होती. तिसरे स्थळ माझ्या धाकट्या भावाने, मनोहरने, पुण्याहून सुचवले. तो तेथे कारखान्यात नोकरीला होता. मुलगा त्याच्याच कारखान्यातला, आपल्याच समाजातला. दिवाळीत कुसुम काकाकडे गेली असताना दोघांनी एकमेकांना पाहिलेही होते. कुसुम परत आली ती गुणगुणतच. आता उरली होती केवळ थोरांची बोलणी, म्हणजे मी.

निघण्यापूर्वी पत्नीने मला अंगणात गाठले.

"अवो, ऐका. पोरीचं मन बसलं आहे तेथी. हे सोयरीक मोडली, त मी तुमच्यासंग बोलणार नाई."

"किती दिवस?"

"हे पाहा, इथंच सुरू झालं तुमचं."

आम्ही तिघे निघालो: मी, पत्नी आणि तिचा भाऊ श्रावण. श्रावण देहाने धिप्पाड, मनाने निष्पाप आणि तोंडाने अखंड चालू. वरठीपर्यंत आमच्या बंडीने, तेथून गाडीने नागपूर, आणि नागपूरला गाडी बदलून कोळशाच्या कणांसह पुणे.

पुण्यात पोहोचताच पहिला अपघात झाला. मनोहरच्या शेजाऱ्यांनी सहज विचारले, "स्टेशनवरून कसे आलात?"

श्रावण म्हणाला, "पायदळ."

आमच्याकडे पायी चालत जाण्याला पायदळ म्हणतात. त्या सद्गृहस्थांनी उठून श्रावणला सलाम केला आणि कोणत्या आघाडीवर होता ते विचारले. श्रावणनेही मागे न हटता सांगितले, "आघाडीवर मीच होतो जी. भाऊजी मांगून येऊन राहिले होते."

मी त्याच क्षणी फर्मान काढले. मुलाच्या घरून परत येईपर्यंत पत्नी आणि श्रावण यांनी तोंड उघडायचे नाही. प्रमाण मराठी फक्त मला येत असल्यामुळे बोलणी मी करीन.

"पानी पाहिजे असलं त?" श्रावणने विचारले.

"खूण कर."

त्याच संध्याकाळी तो बाजारातून कागदाचे पुडके घेऊन आला. प्रवासात त्याचे बनियन कोळशाने काळे झाले होते, म्हणून नवे आणले होते. चेहऱ्यावर सगळी मौज मावत नव्हती.

"भाऊजी, येथी मज्जाच झाली. दुकानदार मले म्हणे, बंडी..."

"मौन," मी म्हणालो.

"अजी पण ऐका त, बंडी म्हंजे..."

"श्रावण, बंडी म्हणजे काय हे तू मला सांगणार?"

तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याची किंमत पुढे मला चुकवावी लागली.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरी मनोहरने आमची ओळख करून दिली (माझी 'वकीलसाहेब' अशीच) आणि पाळी असल्याने तो कारखान्यात गेला. खोलीत मुलाचे वडील अण्णासाहेब, आई (त्यांना सगळे माई म्हणत), आणि खुर्चीच्या टोकावर मुलगा. पत्नी व श्रावण हात जोडून मूर्तीसारखे बसले. मी बोलत होतो. बोलणी इतकी सुरळीत चालली होती की मला थोडे अस्वस्थ वाटू लागले.

लग्न आमच्या गावी करायचे ठरले. अण्णासाहेबांनी विचारले, "स्टेशनपासून गाव लांब आहे म्हणता. मग वऱ्हाडाची व्यवस्था काय?"

येथे मी क्षणभर थांबलो. 'रेंगी' हा शब्द ओठांवर आला होता, कारण नवरदेवाला आम्ही त्या हलक्या गाडीतूनच आणतो. परंतु तो मला ग्राम्य वाटला. म्हणून मी त्याऐवजी सर्वत्र समजेल असा सभ्य शब्द योजला.

"व्यवस्था चोख आहे. सगळे वऱ्हाड बंडीत येईल."

"बंडीत?"

"बंडीतच. आमच्याकडे तोच रिवाज आहे."

अण्णासाहेबांनी घसा साफ केला. "म्हणजे पुरुषमंडळी."

"पुरुष, बायका, मुले. आम्ही त्यात भेद करीत नाही."

माईंनी पोह्यांचे ताट जरा जोरातच खाली ठेवले.

"नवरदेवसुद्धा?"

"नवरदेवाची बंडी निराळी असते. तिला आंब्याची पाने बांधतो, घुंगरू लावतो."

"घुंगरू?" मुलगा त्या दिवशी प्रथमच बोलला.

"लांबून आवाज येतो, म्हणजे मांडवात कळते."

श्रावण माझ्या कोटाचे टोक ओढू लागला. त्याला पाणी हवे असावे असे समजून मी त्याच्याकडे तांब्या सरकवला.

"पण एवढ्या बंड्या आणणार कुठून?" अण्णासाहेबांचा आवाज खाली गेला होता.

"घरच्या दोन आहेत. एक नवी आणि एक माझ्या वडिलांची. वडिलांची थोडी कुरकुरते, पण तेल घातले की शांत होते. बाकीच्या गावातून मागून आणू. आमच्याकडे कोणाचीही बंडी कोणीही नेतो, नाही म्हणण्याची पद्धत नाही."

"दुसऱ्यांच्या?" माई म्हणाल्या.

"आणि तशा फार लागतही नाहीत. एका बंडीत आठ जण सहज मावतात."

"एका बंडीत आठ?"

"दाटी होते, पण ओळखी वाढतात. टोचू नये म्हणून आत धानाची तणस भरतो."

मग माई उभ्या राहिल्या.

"हे बघा, आमच्या घरच्या बायका बंडीत येणार नाहीत. स्टेशनावरूनच परत फिरलो तरी चालेल."

शहरी माणसाने खेड्यातील वाहनाचा असा अवमान करावा, हे मला सहन होणे शक्यच नव्हते. मस्तकात संताप चढला. समोर कागद असता तर मी तेथेच निषेधपत्र लिहिले असते.

"माई," मी म्हणालो, "माझी आई बंडीतच सासरी आली. माझी पत्नी बंडीत आली. खोटे वाटत असेल तर तिलाच विचारा."

माईंनी पत्नीकडे पाहिले. पत्नीवर मौनाचे बंधन होते. तिने लाजून मान डोलावली.

माई मटकन खाली बसल्या.

"हा आमच्या घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे," मी पुढे म्हणालो. "बंडी मान्य नसेल तर..."

ते वाक्य पूर्ण झाले असते तर कुसुमचे तिसरे स्थळही गेले असते, आणि तेही पत्राशिवाय. पण पत्नी उठली.

"आगीत जावो तुमचं मौन," ती मला म्हणाली आणि माईंकडे वळली. "अवो बाई, घाबरू नोका. बंडी म्हंजे बैलाची बंडी."

माईंचे डोळे विस्फारले. "बैलांनाही घालता?"

"घालत नाई माय, जुपतो."

"आता मी बोलू का, भाऊजी?" श्रावण म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता त्याने पिशवीतून ते पुडके काढले, नवे कोरे बनियन दोन्ही हातांनी उंच धरले. "हे तुमची बंडी. काल तुमच्याच बाजारात घेतली. दुकानदार बंडी म्हणे, अन् मी त्याले म्हणो, अरे बाबू, बंडी घ्याले नाई आलो, मी त गाडीनं आलो."

मग हे अवाढव्य गृहस्थ सतरंजीवर बसले, बनियनाचाच कासरा केला आणि पुण्याच्या त्या बैठकीतून अदृश्य बैलजोडी हाकू लागले. "अन् हे आमची बंडी. हो, हो, चल रे ढवळ्या, थिर्रर्र..." खाचखळग्यांचे हेलकावेही त्यांनी वगळले नाहीत. पोह्यांचे ताट थोडक्यात वाचले.

प्रथम मुलगा हसला. मग माईंनी पदर तोंडाला लावला तो डोळ्यांपर्यंत गेला. "आठ जण," त्या मधूनच म्हणत आणि पुन्हा हसत. "आणि घुंगरू."

"म्हणजे बैलगाडी," अण्णासाहेब म्हणाले.

"मी तेच सांगत होतो."

"नाही हो, वकीलसाहेब. तुम्ही तेच सोडून सगळे सांगत होता."

सुपारी फुटली. गावी परतताच मी अण्णासाहेबांना रजिस्टर्ड पत्र पाठवले: 'यापुढे बंडी या शब्दाचा अर्थ, संदर्भाने अन्यथा आवश्यक नसेल तर, बैलांनी ओढावयाचे दुचाकी वाहन असा समजण्यात यावा.' पुरवणी म्हणून रेंगीचे चित्रही जोडले. कुसुमने ते पत्र पाकिटात घालण्यापूर्वी वाचले आणि दोन दिवस ती माझ्यासमोर यायचे टाळत होती, कारण मला पाहिले की तिला हसू फुटे.

उन्हाळ्यात वरठी स्थानकाबाहेर बंड्यांची रांग लागली. माई सर्वांत पुढच्या बंडीत स्वतःहून चढल्या आणि "आठ झाल्याशिवाय हाकू नका" म्हणाल्या. सारे माझ्या व्याख्येप्रमाणे चालले होते, गावाच्या अलीकडच्या वळणापर्यंत.

त्या वळणावर पाटाचे पाणी रस्त्यावर फुटते, याबद्दल मी पाच स्मरणपत्रे पाठवली होती. ती वाचली गेली नसल्याचा पुरावा त्या दिवशी रस्ताभर पसरला होता. नवरदेवाच्या रेंगीचे चाक त्यात रुतले. मुहूर्त जवळ आलेला. श्रावणने एका चाकाला खांदा लावला, दुसऱ्याला मी. चाक निघाले, मी राहिलो. उठलो तेव्हा माझा कोट, सदरा आणि कपाळ यांत फरक करता येत नव्हता.

"काढा थे सदरा," पत्नी बंडीतून म्हणाली. "अशानं मांडवात जासाल का?"

कोट आणि सदरा काढला. आत होते श्रावणचे ते पुण्याचे बनियन. त्याला घट्ट होत असल्याने माझ्या वाट्याला आलेले. अशा प्रकारे वधूपिता म्हणून मी मांडवाच्या दारात, वाजंत्रीच्या गजरात, बंडीतून उतरलो, बंडीत.

आधीच्या बंडीतून उतरलेले अण्णासाहेब सामोरे आले. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळले आणि हात जोडले.

"वकीलसाहेब, व्याख्या दोन्ही बाजूंनी मान्य."

आयुष्यात प्रथमच मला हरकत घ्यायला जागा उरली नव्हती. तशी जागा नसतानाही मी ती घेतली असती. पण हरकतीचा कागद चिखलाने माखलेल्या त्या सदऱ्याच्या खिशात होता.