पडद्यावरची भट्टी

आज याला डिजिटल ट्विन म्हणतात. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला, सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीत, आम्ही त्याला नुसतं ‘पडद्यावरची भट्टी’ म्हणायचो. शेजारच्या कारखान्यात गिअर तापवून कडक करणारी विजेची मोठी भट्टी होती. तिच्या पोटात या क्षणी काय चाललंय, ते संगणकावर जसंच्या तसं दिसेल असं सॉफ्टवेअर आम्हाला करायचं होतं. कंपनीच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, त्याची रचना माझ्यावर सोपवली.

रचना म्हणजे काय, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, “घराचा नकाशा असतो ना, तसा प्रोग्रॅमचा.”

“मग भिंती कुठायत?”

भिंती होत्या. मी तीन खोल्या आखल्या होत्या. पहिलीत भट्टीकडून तारेनं येणारं तापमान उतरायचं. दुसरीत भट्टीची सारी अवस्था राहायची. तिसरी फक्त चित्र काढायची. एका खोलीतली गडबड दुसरीत शिरता कामा नये, एवढाच माझा हट्ट. त्या दिवसांत मी बसमधून जाताना त्र्यंबक रस्त्यावरची झाडं, पत्र्याच्या शेड, मागचे डोंगर बघायचे आणि वाटायचं, या सगळ्याचंही कुठेतरी एक दुसरं रूप हळूहळू हलत असणार. उतरायचा स्टॉप कितीदा मागे राहायचा.

भट्टी पडद्यावर आली. खरी लाल झाली की तीही लाल व्हायची. आम्ही पेढे वाटले.

मग एका दुपारी लोडशेडिंग झालं. आमचा संगणक यूपीएसवर चालू राहिला. थोड्या वेळानं कारखान्याचे शिफ्ट इनचार्ज स्वतः चालत आले. पन्नाशीचे, मूळचे कळवणकडचे, मिशीत हसणारे गृहस्थ. मी त्यांना काका म्हणायचे. पडद्याकडे पाहून ते म्हणाले, “मॅडम, तुमची भट्टी अजून लालच हे. आमची तर कवाच गार व्हायला लागली.”

विजेबरोबर कारखान्यातले मीटरही बंद पडले होते. तारेतून शेवटचं जे तापमान आलं होतं, त्यालाच माझा प्रोग्रॅम धरून बसला होता.

सर म्हणाले, “बातमी आली नाही तर पडदा कोरा ठेव. सोपं आहे.”

“पण सर, वीज गेली तरी भट्टी असतेच की. निवत असते.”

“ते तुला कसं कळणार?”

खरंच, ते मला कसं कळणार होतं? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद झाला तेव्हा आम्ही भट्टीचे हीटर बंद केले आणि मीटर तेवढे चालू ठेवले. नोंदी आपोआप होत होत्या, तिथं बसायची मला गरज नव्हती. तरी मी बसले. किल्ल्या काकांकडे होत्या, त्यामुळे तेही बसले.

इतका शांत कारखाना मी पुन्हा पाहिला नाही. झरोक्यातून उन्हाचे पट्टे यायचे आणि जमिनीवर सावकाश सरकायचे. मधूनच भट्टीच्या आतून टिक् असा आवाज यायचा, लोखंड आखडत असल्याचा. तिची ऊब अंगाशी यायची, मग कमी व्हायची. मी डोळे मिटले की ती उतरण मला उताराच्या रस्त्यासारखी दिसायची. सुरुवातीला तीव्र, पुढे लांबलचक, जवळजवळ सपाट.

काकांनी डबा उघडला. करंजी पुढे करत म्हणाले, “पोरगा जहाजावर हे माझा. बंदराला लागला की फोन करतो, मधे काही नाय. त्याची आई ताटावर बसली की म्हणती, आता तिकडं रात्र असंल, निजला असंल.”

“आणि चुकलं तर?”

“फोन आला की विचारून घेती. मग पुन्हा नवा अंदाज.” त्यांनी स्वतःसाठी एक करंजी उचलली. “मला नाय जमत तसं. मी नुसती फोनची वाट बघतो.”

आम्ही करंज्या खाल्ल्या. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला होता.

सुट्टीनंतर मी दुसऱ्या खोलीत एक दालन वाढवलं. बातमी थांबली की तिथं भट्टी आपल्या हिशेबानं निवत राहायची, पण पडद्यावरचा रंग फिका व्हायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की हा अंदाज आहे. वीज आली की खरं तापमान येऊन अंदाजाला आपल्याकडे ओढून घ्यायचं. “लोक फिक्या रंगावर विश्वास ठेवणार नाहीत,” असं सर म्हणत राहिले, पण त्यांनी अडवलं नाही.

पुढच्या लोडशेडिंगला सर, काका आणि मी, आम्ही तिघं पडद्यासमोर उभे होतो. भट्टीचा लाल रंग विरला आणि ती गुलाबी धुक्यासारखी झाली. आकडा खाली उतरू लागला. बऱ्याच वेळानं पंखा फिरायला लागला, तारेतून पहिलं खरं तापमान आलं, आणि आमच्या आकड्यापासून ते इतकं जवळ होतं की सरांनी चष्मा काढून पुसला. फिका रंग भरत भरत गडद झाला.

“आली बघा,” काका हळूच म्हणाले.

सरांनी चहा सांगितला. मी ग्लास घेऊन दाराशी गेले. बाहेर पाळी सुटत होती, सायकली आणि मोटारसायकली फाटकातून ओघानं निघाल्या होत्या, आणि त्यांवरच्या प्रत्येकाच्या घरी आत्ता काय चाललं असेल, हे मी तिथं उभी राहून, चहा निवेपर्यंत, मनातल्या मनात बघत राहिले.