पाळण्याखालची गाजरं

मंडळी, आज सकाळचा प्रकार आठवून अजून अंगावर काटा येतोय.

कळंब्यात घरामागच्या वाफ्यात मी विष न वापरता गाजरं लावलीत. आज पहिलं गाजर उपटलं, तर नुसता पालाच हातात आला. पुढच्याचंही तेच. वर हिरवागार वाफा आणि खाली पोकळी!

कुंपणाशी घुशीचं बीळ दिसलं. त्यात पाण्याचा पाइप सोडला, पण बीळ काही भरेना.

तेवढ्यात आतून आई ओरडली, "अगं, पाणी बंद कर! पाळण्याखाली चिखल आलाय!"

पाळण्यात वहिनीचं बाळ झोपलं होतं. खालची फरशी उचलली, तर आत आमची गाजरं होती, नीट एकावर एक रचलेली.

"आता तरी औषध घाल की," आई म्हणाली. "शिकलीस म्हणून घूस ऐकणार हाय व्हय तुझं?"

"आई, ती औषधाच्या गोळ्या नेऊन ठेवणार कुठं?"

आईनं पाळण्यातून बाळाला उचललं.

दादा पिंजरा आणायला शाहूपुरीत गेलाय. फरशी परत बसवलीय, पण खालून कुरतडण्याचा आवाज येतोच आहे.

तुमच्यापैकी कुणी घूस पकडली असेल तर सांगा, पिंजऱ्यात काय ठेवू? गाजरं तर तिच्याकडं आहेतच.